गळ्याची शपथ

वरणाच्या पाण्याचा तिसरा चमचा घशाखाली उतरला आणि मला कळलं, हासुद्धा राहणार नाही.

मी चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर पालथे टाकून बसून राहिले. पुण्याच्या दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी शिकवलं होतं, एक चमचा घ्यायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग दुसरा. घड्याळात सव्वानऊ झाले होते. बरगड्या जिथं जुळतात तिथं, आतल्या बाजूला, कुणीतरी मूठ आवळत चालल्यासारखं वाटलं. मग तोंडाला पाणी सुटलं. ते सुटलं की पुढचं ठरलेलं असायचं. मी भिंतीला धरत मोरीपर्यंत गेले आणि आधी नळ पूर्ण सोडला. मागच्या अंगणात आत्या धुणं धूत होती. तिला आवाज जायला नको होता.

गेले होते तीन चमचे, आलं त्याहून जास्त. पिवळा, कडू फेस. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तोंडावर पाणी मारावं म्हणून हात पुढे केला तर हाताला काहीच लागलं नाही. नळ जिथं दिसत होता तिथं नव्हता. पुन्हा बघितलं. एकाशेजारी एक असे दोन नळ होते आणि दोन्हींतून सारखंच पाणी पडत होतं.

मी डावा डोळा मिटला. एक नळ. उघडला. दोन.

उजवा मिटून बघितला. एक. दोन्ही उघडले की दोन. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. तिथंच मोरीच्या कट्ट्यावर मी बसले आणि पदर तोंडात कोंबून धरला.

ऑपरेशनला त्या दिवशी पाच आठवडे झाले होते.

मी वैजयंता. तेव्हा छत्तीस वर्षांची होते, बार्शीच्या पोस्टात काउंटरवर काम करायचे. वजन एकशे सव्वीस किलो. साखर होती, रक्तदाब होता, झोपेत श्वास अडकून दचकून जागी व्हायचे. काउंटरमागच्या खुर्चीत मी बसले की उठताना खुर्ची बरोबर यायची, म्हणून शिपायानं तिचे हात काढून ठेवले होते. लोक हसायचे नाहीत, पण बघायचे. चालून, उपाशी राहून, काढे पिऊन सगळं झालं होतं. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकण्याचं ऑपरेशन सुचवलं. केळ्याएवढी नळी उरते म्हणाले, थोडं खाल्लं की पोट भरतं, साखरही उतरते.

घरात याला एकाच माणसाचा विरोध होता. माझी सासू. ती माझी सख्खी आत्या, अनुसया, माझ्या वडिलांची मोठी बहीण. बालाजी माझा आतेभाऊ, लहानपणापासून त्याला नावानं हाक मारत आलेली, लग्नानंतर फक्त आत्यासमोर 'अहो' म्हणायचे. त्याचं बाजार समितीच्या रस्त्याला बी-बियाणांचं दुकान. तो लगेच तयार झाला. आत्या मात्र ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जायची. माझे वडील भगवान, आमचे तात्या, मी अकरा वर्षांची असताना पोटाच्या ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी गेले होते. सोलापूरच्या डॉक्टरांनी घाण केली, असंच आमच्या घरात बोललं जायचं. आत्या त्यावरही कधी काही बोलायची नाही.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली होती, चांगल्या अंगाला चाकू लावू नको. मी तिला सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं की निर्णय माझा आहे, बरंवाईट झालं तर माझं होईल, कुणी माझ्यासाठी रडत बसू नका.

हे वाक्य पुढं मला फार महागात पडलं.

पहिले दोन आठवडे बरे गेले. पाणी, ताक, गाळलेलं वरण, सगळं घोटघोट उतरत होतं. पातळावरून मऊ खाण्यावर आले आणि बिघडलं. मऊ भात राहिना. मग पेज राहिना. आता वरणाचं पाणीही राहिना. जीवनसत्त्वाच्या गोळ्या मोठ्या होत्या, त्यांच्या वासानंच उमळून यायचं. चार दिवस मी त्या फोडून घेतल्या, मग उशीच्या अभ्र्यात टाकायला लागले. आहाराच्या मॅडमचा दर शुक्रवारी फोन यायचा. मी सांगायचे, सगळं राहतंय, गोळ्या चालू आहेत. महिन्याच्या तपासणीला पुण्याला जायचं होतं, ते मी दवाखान्याला फोन करून पुढं ढकललं आणि बालाजीला सांगितलं की त्यांनीच पुढची तारीख दिली.

का केलं, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं. एक भीती होती की पुन्हा कापतील. दुसरी त्याहून मोठी होती. जे काढून टाकलं ते परत बसवता येत नाही. मी हट्टानं स्वतःचं असं काही करून घेतलं होतं की आता मागं वाट नाही, आणि पुढं जेवण नाही. पडल्या पडल्या मी पोटावर हात ठेवायचे आणि वाटायचं, आत सगळे टाके एकेक करून उसवत चाललेत. हालायला भीती वाटायची, खोकायला वाटायची. भूक अजिबात नव्हती. भूक नसण्याचीच जास्त भीती वाटायची.

आणि शेजारच्या बाया येऊन कौतुक करायच्या. पाच आठवड्यांत बावीस किलो. किती छान दिसतेस गं, चेहरा कसा निघाला. मी हसायचे.

पायांच्या तळव्यांना मुंग्या येत होत्या, तेही मी अशक्तपणावर ढकललं होतं. चालताना झोक जायचा, म्हणून भिंतीच्या कडेनं चालायचे. पण एकाचं दोन दिसणं अशक्तपणावर ढकलता येत नव्हतं.

मी मोरीतून उठून पलंगावर येऊन पडले. दीडएक तासानं आत्या कपभर कोमट पाणी घेऊन आली. ती रोज अकरा वाजता आणायची. बोलायची नाही, कप द्यायची, रिकामा झाला की न्यायची. त्या दिवशीही तिनं कप पुढे केला. मी तो धरला आणि माझ्या मुठीत नुसती हवा आली. कप आमच्या दोघींच्या मध्ये पडला, पाणी माझ्या मांडीवर सांडलं.

आत्यानं कप उचलला नाही. ती पलंगाच्या कडेला बसली.

"वैजू, किती दिवस झाले?"

"कशाला?"

"नळ सोडून ओकतीस त्याला."

म्हणजे तिला माहीत होतं. मी म्हणाले, ऑपरेशननंतर एवढं होतंच, डॉक्टरांनी सांगितलंय. ती म्हणाली, ते मी आजवर खरं मानलं, पण कप समोर होता आणि तू हात भलतीकडं घातलास, ते काय आहे. तिनं माझी हनुवटी धरून चेहरा वर केला. मला तिची दोन तोंडं दिसली, एकमेकांत अर्धी शिरलेली. मला रडू फुटलं.

"मला दोन दिसतंय, आत्या."

"दोन काय?"

"सगळंच. तू पण."

मग ती उठायला लागली. मी तिचं मनगट धरलं. बालाजीला सांगू नको म्हणाले. तो घाबरेल, पुण्याला नेईल, ते पुन्हा पोट उघडतील आणि या खेपेला मी टेबलावरून उठणार नाही. मला दोन दिवस दे. दोन दिवसांत नाही उतरलं तर मी माझ्या तोंडानं सांगीन. ती दाराकडं बघत होती. तेव्हा मी तिचा हात ओढून माझ्या गळ्यावर ठेवला.

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. मी मेलेली बघशील, कुणाला सांगितलंस तर."

तिचा हात साबणानं बुळबुळीत आणि गार होता. सकाळपासून पाण्यात असल्यामुळं असेल, असं मला वाटलं. आमच्या घरात गळ्याची शपथ कुणी सहज घालत नाही आणि घातली तर मोडत नाही. आत्या तर त्या बाबतीत फार कडक. तिनं हात काढून घेतला नाही. म्हणाली, "बरं."

मला एवढं हलकं वाटलं की मला झोप लागली.

जाग आली ती बोलण्याच्या आवाजानं. खोलीत बालाजी होता, त्याच्या मागं आमचे नेहमीचे डॉक्टर गुगळे हातात बॅग घेऊन. आणि उंबऱ्यात आत्या, माझी पुण्याची फाईल छातीशी धरून. तिचे पाय घोट्यापर्यंत धुळीनं भरले होते. तिला फोन लावता यायचा नाही आणि शेजारीपाजारी सांगितलं असतं तर गल्लीभर झालं असतं. एप्रिलच्या उन्हात ती चालत दुकानापर्यंत गेली होती, दीड मैल. तिच्या वयाला आणि गुडघ्यांना ते अंतर थोडं नव्हतं.

यातलं काही तेव्हा माझ्या मनात आलं नाही. बालाजीनं विचारलं, दोन दिसतंय हे खरं का, आणि मला एवढंच कळलं की हिनं सांगितलं. एका तासात सांगितलं. माझ्या अंगात बसायची ताकद नव्हती तरी मी उठून बसले.

"शपथ घातली होती मी तुला," मी म्हणाले. "आज लई घाई झाली तुला. तात्यांच्या वेळी तूच होतीस ना त्यांच्या उशाला? तेव्हा कुठं गेली होती ही घाई?"

तात्या शेवटचे दिवस आत्याच्याच घरी होते. एवढं मला माहीत होतं, त्यापलीकडं काही नव्हतं. मला फक्त तिला लागेल असं काहीतरी बोलायचं होतं.

बालाजी म्हणाला, "वैजू." मला दोन आत्या दिसत होत्या. दोघींनीही मान खाली घातली.

गुगळे डॉक्टर साठीच्या पुढचे, सावकाश बोलणारे. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं. म्हणाले, पोट मऊ आहे, ताप नाही, पण अंगातलं पाणी गेलंय आणि पोटात अन्न नाही. आधी ग्लुकोजची बाटली लावू, दोन तासांत तरतरी येईल, मग डोळ्यांचं बघू. त्यांनी खिडकीच्या गजाला बाटली बांधली आणि माझ्या हातावर शीर शोधायला लागले. मला बरं वाटलं. ग्लुकोज म्हणजे काही कापणं नव्हतं.

आत्या पुढं आली आणि तिनं माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवला, डॉक्टरांची बोटं होती तिथंच.

"डॉक्टर, आधी पुण्याला विचारा."

बालाजी तिला बाजूला घ्यायला लागला. डॉक्टर म्हणाले, आजी, साधी साखरपाण्याची बाटली आहे, हिला ताकद नको का यायला. आत्यानं फाईल पुढं केली. तिला अक्षरओळख नव्हती, पण मला न्यायला ती पुण्याला आली होती, आणि डिस्चार्जच्या वेळी नर्सनं शेवटच्या पानावर लाल शाईनं चौकट करून एक नंबर लिहिला होता आणि सगळ्यांना सांगितलं होतं की घरी काही झालं तर दुसरं काही करायच्या आत इथं फोन करा. आम्ही विसरलो होतो. तिला चौकट लक्षात होती.

"सुई टोचायच्या आधी विचारा," ती म्हणाली. "मग तुम्ही म्हणाल ते. मी मधे येणार नाही."

डॉक्टरांनी चष्मा चढवला, पान बघितलं आणि फोन लावला. दुसरे असते तर रागावले असते. ते खोलीतच उभे राहून बोलत होते. उलट्या किती दिवस, त्यांनी मला विचारलं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. अठरा, मी म्हणाले. गोळ्या. नाही. पायाला मुंग्या. हो. मग त्यांनी फोन खांद्यात धरला आणि माझ्या डोळ्यांसमोर बोट डावीकडं-उजवीकडं फिरवलं. मला वाटलं, मी बोटाकडं बघतेय. पण त्यांचा चेहरा बदलला. मला उभं राहायला सांगितलं. बालाजीनं धरून उभं केलं, डॉक्टर म्हणाले, सोडा. त्यानं सोडलं आणि मी कापडासारखी खाली आले.

फोन ठेवून डॉक्टरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर खिडकीच्या गजाची ती बाटली सोडून बॅगेत टाकली.

शरीरातलं बी-वन नावाचं जीवनसत्त्व संपत आलंय, त्यांनी बालाजीला सांगितलं. ते नसलं की मेंदूला मार बसतो, डोळे आणि तोल आधी जातात, मग आठवण. आणि ते नसताना ग्लुकोज दिलं, तर उरलंसुरलंही तिकडंच खर्ची पडतं. आधी बी-वन, मग बाकीचं. त्यांच्याकडं होतं ते इंजेक्शन त्यांनी लगेच दिलं आणि बालाजीला गाडी काढायला सांगितलं. सोलापूरच्या दवाखान्याला पुण्याहून फोन जाईल म्हणाले. एक मिनिट घालवू नका.

मी त्यांचा शर्ट धरला आणि विचारलं, आठवण म्हणजे काय. माझं काय जाणार आहे.

"आता काही विचारू नका, वहिनी," ते म्हणाले. ते नेहमी मला वैजयंताबाई म्हणायचे. वहिनी म्हणाले तेव्हा मला खरं भ्यायला झालं.

बार्शी ते सोलापूर सत्तर किलोमीटर. मी मागच्या सीटवर आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. झाडं दोन दोन होऊन मागं जात होती, म्हणून मी डोळे मिटले. मिटल्यावर भीती आणखी वाढली. मी मनातल्या मनात एकेक गोष्ट घोकायला लागले, गेली की काय ते बघायला. पोस्टाचा पिनकोड. बालाजीचा फोन नंबर. लातूरच्या वसतिगृहात शिकणाऱ्या माझ्या मुलीचं, गायत्रीचं नाव, तिची जन्मतारीख. तारखेशी मी अडखळले. चौदा की सोळा. पुन्हा सुरुवातीपासून घोकलं. पुन्हा तिथंच अडखळले. मी आत्याला विचारलं नाही, कारण तिच्याशी मी बोलत नव्हते. तिचा हात माझ्या कपाळावर होता आणि तो मी काढून टाकला होता. तिनं परत ठेवला. मी परत काढला. वैराग आलं, बालाजीनं हॉर्न वाजवला, तिथंपर्यंत मला आठवतं.

पुढचे तीन दिवस माझ्याकडं नाहीत. ते मला बालाजीनं नंतर थोडे थोडे करून सांगितले. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला विचारलं, आज सकाळी काय केलं. मी म्हणे शांतपणे सांगितलं की पोस्टात गेले होते, गर्दी फार होती, दोन पार्सलं चुकीच्या पिशवीत पडली. मुलगी कितवीत आहे, तर दुसरीत. ती नववीत होती. बालाजी म्हणाला, तू हसून बोलत होतीस, एक शब्द अडखळत नव्हता, आणि सगळं खोटं होतं. ते ऐकून मी बाहेर जाऊन बाकावर बसलो.

मला आजही त्या तीन दिवसांची जेवढी भीती वाटते तेवढी कापाकापीची कधी वाटली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी डोळे उघडले आणि समोरच्या भिंतीवर एक खिडकी होती. मी वाट बघितली, दुसरी येईल म्हणून. आली नाही. शिरेतून थेंब थेंब पिवळं औषध चाललं होतं. पोटाची नळी एका जागी आवळली होती, ती तोंडातून दुर्बीण घालून रुंद केली, कापावं लागलं नाही. सातव्या दिवशी मी वाटीभर ताक प्यायले आणि ते राहिलं. तरी प्रत्येक घोटानंतर मी घड्याळाकडं बघायचे. अर्धा तास गेला की मोकळा श्वास घ्यायचे.

आत्या तिथंच होती. खोलीच्या कोपऱ्यात चटई टाकून झोपायची, माझी भांडी घासायची, माझे केस विंचरायची. मी 'हो', 'नको' एवढंच बोलायचे. मला माझे शब्द आठवत होते. माफी कशी मागायची ते सुचत नव्हतं, आणि एवढं काय मी चुकीचं विचारलं, असंही मधेच वाटायचं.

आठव्या दिवशी बालाजी खाली औषधं आणायला गेला होता. आत्यानं केस विंचरता विंचरता फणी थांबवली आणि माझ्या मागूनच बोलायला लागली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं.

"तू विचारलंस ना, भगवानाच्या वेळी कुठं होते."

मी म्हणाले, जाऊ दे, मी तापात बोलले.

"ताप नव्हता तुला," ती म्हणाली. "मी उशालाच होते. घरी आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाला, अक्का, पोट फुगायलंय, आत जाळ पडल्यासारखं होतंय. मी उठले डॉक्टरला बोलवायला. त्यानं हात धरला. म्हणाला, ते परत फाडतील, मी परत नाही जायचा तिथं. दोन दिवस बघू. माझ्या गळ्याची शपथ आहे."

आत्यानं केसांचे तीन पेड केले आणि वेणी घालायला घेतली.

"मी शपथ पाळली, वैजू. तुझी आई गावाकडं होती तुम्हा पोरांना घेऊन. तिचा निरोप आला, कसं आहे म्हणून. मी सांगून पाठवलं, बरं आहे. तिसऱ्या दिवशी गेला तो."

मी वळून बघितलं नाही. मला जमलं नाही. पंचवीस वर्षं आमच्या घरी सोलापूरच्या ज्या डॉक्टरला शिव्या बसत होत्या, त्यातल्या एकाही शिवीला तिनं कधी हुंकार दिला नव्हता, एवढं मात्र त्या क्षणी लख्ख आठवलं. मी त्याच वेळी तिच्या गळ्यात पडले असं सांगितलं तर ते खोटं होईल. माझे वडील वाचले असते. मी अकरा वर्षांची होते. हे दोन्ही माझ्या डोक्यात एकदम आलं आणि माझ्या केसांतून फिरणारा तिचा हात मला नकोसा झाला. मग आठवलं, हाच हात मी गाडीत दोनदा काढून टाकला होता. ती माझ्यासाठी उन्हातून चालत गेली ती कशावर पाय देऊन गेली, ते कळलं. तिनं वेणी पुरी केली, फणीतले केस काढून बोटाला गुंडाळले आणि टाकायला बाहेर गेली.

बाराव्या दिवशी मला सोडलं. डोळे ठीक होते, आठवण जवळजवळ सगळी परत आली होती, पायांना मात्र चालणं पुन्हा शिकावं लागणार होतं. आज त्याला नऊ वर्षं झाली. वजन चौऱ्याहत्तर किलोवर टिकलंय, साखरेची गोळी बंद आहे, पायाच्या बोटांतली बधिरता तेवढी गेली नाही. पुण्याला तपासणीला एकदाही चुकले नाही आणि फोनवर एकदाही 'सगळं ठीक' म्हटलं नाही, जे असेल ते सांगते.

पण त्या दिवशी सोलापूरहून परत येताना वैराग जवळ आलं, तेव्हा मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसलेली आत्या म्हणाली, बालाजी, गाडी आत घे, वहिनीकडं जायचंय. वैरागला माझं माहेर. आई माझ्या भावाकडं राहायची, गुडघ्यांमुळं तिला दवाखान्यात येता आलं नव्हतं. बालाजी म्हणाला, वैजूला त्रास होईल, नंतर येऊ. आत्या म्हणाली, वैजू गाडीतच बसेल, मला जायचंय.

घरासमोर गाडी थांबली. आत्यानं उतरताना माझ्याकडं बघितलं. मला कळलं ती कशाला चाललीय. आणि मला भीती वाटली, एवढ्या दिवसांत स्वतःसाठी वाटली तिच्या दुप्पट. मी तिला म्हणाले, "आत्या, नको. आता कशाला."

"कुणाकुणाची शपथ आहे मला?" ती म्हणाली आणि पदर सारखा करत आत गेली. बालाजी पेट्रोल भरून येतो म्हणाला, मी म्हणाले थांब, मग म्हणाले जा, मग म्हणाले थांब. तो गोंधळून माझ्याकडं बघत बसला. मी काच खाली केली आणि कान देऊन राहिले. आईचा आवाज चढेल, भांडं आदळेल, कुणीतरी रडेल, याची वाट बघत होते. काहीच ऐकू येत नव्हतं. दारात एक कोंबडी दाणे टिपत होती. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. बालाजी उतरून झाडाखाली जाऊन उभा राहिला.

मग दारातून आई आली. एकटी. गुडघ्यावर हात टेकत पायरी उतरली, गाडीचं दार उघडून माझ्या शेजारी बसली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून एका डोळ्याकडं, मग दुसऱ्या डोळ्याकडं बघितलं. तिचे स्वतःचे डोळे कोरडे होते, नाक लाल झालं होतं.

"तुला कधी सांगितलं तिनं?"

"चार दिवस झाले."

"मग तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही. मला सुचलं नाही."

आई समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत राहिली.

"त्या डॉक्टरचं मढं निघो म्हणून मी रोज देवापुढं म्हणायचे," ती म्हणाली. "रोज."

मी तिचा हात धरला. तिनं तो तसाच राहू दिला, मग सोडवून घेतला आणि उतरायला लागली. मी विचारलं, आई, आत्या कुठंय.

"वन्संना वाढलंय मी. दवाखान्यात धड जेवलेल्या दिसत नाहीत." ती खाली उतरून दाराला धरून उभी राहिली, गुडघा सरळ होईपर्यंत. "आज त्या इथंच राहतील. दोन-चार दिवस राहू देत. तुम्ही जावा पुढं."